करंगळीचं नख

आमच्या मामाजींच्या डाव्या करंगळीला नख होतं. नखं सगळ्यांनाच असतात, मला माहीत आहे. पण हे नख बोटाच्या पुढे चांगलं पेरभर आलेलं, टोकाला घासून गोल केलेलं आणि इतकं चकचकीत, की मामी ते देवाच्या भांड्यांसोबत चिंचेने घासते का, असं मी लहानपणी आईला विचारलं होतं. आईने पाठीत धपाटा घातला. भावाबद्दल ती एक शब्द ऐकून घेत नसे.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत पांढुर्णा-सौंसरकडच्या बऱ्याच बाबू लोकांना असं नख वाढवायची हौस होती. ती गावाला दुरून दिसणारी खूण. या माणसाला फावडं धरावं लागत नाही, पाना पिळावा लागत नाही, हा टेबलावर बसतो. मामाजी सौंसरला एका सरकारी कचेरीत बाबू होते. आईच्या माहेरातले पहिले बी.ए., आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. दारावरच्या पाटीवर नावापेक्षा मोठ्या अक्षरांत बी.ए. लग्नपत्रिकेत कुठे कोपऱ्यात त्यांचं नाव आलं, की पुढे कंसात बी.ए. भांड्यांवर नाव घालतात ना आपण, अदलाबदल होऊ नये म्हणून? मामीच्या पितळी गंजावर नाव होतं आणि नावापुढे, बाप्पा, तिथेही बी.ए. वरण त्या गंजात शिजायचं आणि अगदी पातळ असायचं.

मला हा माणूस कधीच आवडला नाही. आता ते नाहीत म्हणून आवडायला लागावेत, असंही काही झालेलं नाही.

सौंसरजवळ, बोरगावच्या वाटेवर त्यांची संत्र्याची बाग होती. त्यांची म्हणजे मामीच्या माहेरून आलेली. मामाजी बागेत जायचे ते छत्री घेऊन, आणि कडेच्या बांधावर, धुऱ्यावर उभे राहून छत्रीच्या टोकाने झाडं दाखवायचे. आत पाऊल नाही. एवढ्या संत्र्यांचा धनी, पण संत्रं सोलायचं नाही, कारण सालीच्या रसाने नख पिवळं पडतं. मामी सोलणार, बिया काढणार, शिरा काढणार, आणि हे एकेक फोड दोन बोटांत धरून करंगळी वर करून खाणार. मी समोर बसून पाहत असे आणि मला वाटे, या माणसाच्या मागे कुत्रं सोडावं.

रविवारी सकाळच्या बसने ते आमच्याकडे पांढुर्ण्याला येत. ओसरीवरची खुर्ची त्यांची ठरलेली. बसण्याआधी रुमालाने झटकणार, मग बसणार, मग बशीत चहा ओतणार. घरातलं कोणीही काहीही सांगायला पुढे गेलं, की त्यांचं एकच वाक्य: "पयले हात धुऊन ये, मंग बोल." दुकानातून बाबा आले तरी तेच. बाबांचं किराण्याचं दुकान होतं. हाताला हळद-तिखट लागलेलं असायचं. चौथी पास बाबा मुकाट्याने उठून हात धुऊन येत. गिऱ्हाईकाशी तासभर हुज्जत घालणारा माझा बाप या नखापुढे बसला की त्याचा आवाज बसायचा. याचाही मला राग यायचा, आणि बाबांचा जास्त यायचा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सारं गाव जाम नदीवर असायचं. पलीकडे सावरगाव, इकडे आम्ही, आणि मधे दगडफेक, आमची गोटमार. मामाजी त्या दिवशी मुद्दाम यायचे आणि आमच्या गच्चीवर छत्री उघडून उभे राहायचे. "अशिक्षित लोक," असं म्हणायचे, आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलायचे नाहीत. कोणाची सरशी झाली हे त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत असायचं.

पण त्यांचा खरा मान होता तो सोयरिकीत. कोणाच्या मुलीसाठी मुलगा पाहायला जायचं असलं, की लोक मामाजींना सोबत नेत. मुलगा किती शिकला हे सांगायला घरचे असतातच, पण खरंखोटं मामाजी काढतात, अशी त्यांची कीर्ती. काढायचे कसे, तर पानाचं तबक मुलाच्या पुढे करायचे. मुलाने हात पुढे केला की मामाजी चष्मा वर करून त्याची नखं पाहायचे. बस. बाकी काही विचारायचे नाहीत.

आमच्या शेजारच्या बेबीला एक मुलगा सांगून आला होता. नागपूरला कारखान्यात टर्नर. पक्की नोकरी, राहायला क्वार्टर, आईबाप नाहीत. बेबी खूश होती, मला म्हणाली, "फोटोत हसून राहिला ना गं तो." मामाजींनी तबक पुढे केलं. मुलाने सुपारी उचलली. त्याच्या नखांच्या कडांत तेलाची काळी रेघ होती. ती कितीही धुतली तरी जात नाही. परत येताना मामाजी बेबीच्या वडिलांना एवढंच म्हणाले, "शिक्षण हातावरच दिसून राहिलं ना जी." सोयरीक तिथेच तुटली. पुढे बेबीला बी.कॉम. मुलगा मिळाला. तो सासऱ्याच्याच दुकानात गल्ल्यावर बसतो आणि बेबीला उठसूट अक्कल शिकवतो. नखं मात्र स्वच्छ आहेत.

मुलींच्या शिक्षणाबद्दल मामाजींचं मत काय, असं कोणी विचारेल. मत नव्हतंच. मी अकरावी झाले, शिवणक्लास केला, मशीन घेतलं आणि आळीतल्या बायांचे ब्लाउज शिवू लागले. माझ्या हातांकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. त्या बाबतीत मी सुटले असंच म्हणायचं.

सुटला नाही तो वसंता.

वसंता माझा धाकटा भाऊ. त्या दिवसांत विहिरीविहिरीवर इलेक्ट्रिकचे पंप बसत होते, आणि वीज अशी झटके देत यायची की मोटरी जळायच्या. बसस्टँडजवळ गणपत मिस्त्रीचं मोटर बांधायचं दुकान होतं. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं. मिस्त्री काही देवमाणूस नव्हता. तोंडाने घाण, गिऱ्हाईकाला थापा मारण्यात पटाईत, आणि दुपारपासूनच घेतलेली. पण शाळा सुटली की वसंता तिथे. घरी यायचा तो वार्निशच्या वासाचा, आणि जेवताना आईला तारेच्या गुंडाळ्या समजावून सांगायचा. आईला ओ की ठो कळायचं नाही. ती म्हणायची, "हो रे बाप्पा, पण भाकर खा ना." तो बोलत राहायचा. असा बोलणारा वसंता मला आठवतो, म्हणून मी हे लिहून राहिले.

अकरावीनंतर त्याचा छिंदवाड्याला आयटीआयमध्ये नंबर लागला. बोरगावकडे कारखाने येणार म्हणत होते, जिथेतिथे इलेक्ट्रिशियन लागणार होते. आठवडाभरात जाऊन हजर व्हायचं होतं. वसंताने माझ्या मशीनभोवती उड्या मारल्या आणि मला म्हणाला, "ताई, तुझ्या मशीनले मोटर लावून देतो. पाय हालवाची गरज नाही!" बाबाही हसले. पण हसून झाल्यावर म्हणाले, "मधुकररावाले एकदा विचारू." मधुकरराव म्हणजे मामाजी.

रविवारी मामाजी आले. वसंता मिस्त्रीच्या दुकानातून धावतच आला, हात काळे, तोंडावर हसू. "मामाजी, माया नंबर..."

"पयले हात धुऊन ये. मंग बोल."

वसंता मागच्या मोरीवर गेला. मी पाणी घालायला गेले. सोडा लावला, साबण लावला. ओसरीवरचं सगळं मोरीवर ऐकू यायचं.

"आयटीआय करून काय होईन?" मामाजी म्हणत होते. "खांबावर चढन. लोक खालून आवाज देतीन, ए वायरमन! माया भाच्याले कोणी 'ए' म्हणन, हे चालन तुमाले?"

"पण त्याले आवड आहे म्हणते ना तो," बाबा हळूच म्हणाले.

"आवड मले बी गाण्याची होती. गात बसलो काय?"

वसंता हात पुसत ओसरीवर गेला. मामाजींनी चष्मा वर केला. "कोपऱ्यात काळं दिसून राहिलं. जा."

तो परत आला. आता रॉकेल लावलं. मी कळवळून म्हटलं, "अरे वसंता, राहू दे ते! जा, तसाच जा आणि बोल. तिकडे तुझं ठरवून राहिले ना ते!"

"हात धुतल्याशिवाय ते ऐकत नाहीत ना, ताई," वसंता म्हणाला, आणि मोरीचा दगड घेऊन बोटं घासू लागला. ओसरीवर मामाजी विचारत होते, पोरगी कोण देईन त्याले? आणि आई, माझी सख्खी आई, म्हणाली, "दादा म्हणते थे बराबर आहे."

वसंता गेला तेव्हा बोटं लालभडक झाली होती. मामाजींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि त्या स्वच्छ तळहातावर एक पेढा ठेवला. "घे. सोमवारी सौंसरले ये. कॉलेजात नाव घालून देतो. माया घरीच राहाचं."

"पण मामाजी, छिंदवाड्याले..."

"थे झालं."

पेढे त्यांनी सौंसरहूनच आणले होते. म्हणजे निकाल त्यांच्यासोबत बसने आला होता, ओसरीवरची चर्चा हा नुसता देखावा. आणि ज्याचं आयुष्य, तो मोरीवर हात धूत होता. वसंताने पेढा खाल्ला.  आईने उरलेले पेढे आळीत वाटले.

सौंसरला नेल्यावर मामाजींनी पहिली गोष्ट सांगितली ती अभ्यासाची नाही, करंगळीचं नख वाढवायची. "कॉलेजचा मुलगा दिसला पायजे." दिवाळीला वसंता घरी आला तेव्हा ते नख नुकतं डोकावत होतं आणि तो ते लपवत होता. मी चेष्टा केली, "काय रे, लहान बी.ए.?" तो लाजला. तेव्हा मला वाटलं, हे पोरगं वर्षभरात पळून येईल आणि गणपत मिस्त्रीच्या दुकानात बसेल. मला तसं मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मी काही दिवस सौंसरला होते, मामीच्या मदतीला. बागेत झाडांवर बारीक संत्री धरली होती, आणि त्याच वेळी विहिरीवरची मोटर बंद पडली. वसंता धुऱ्यावरूनच म्हणाला, "मामाजी, मी पाहू काय? नुसती खोलून पाहतो."

"तू बी.ए.चा विद्यार्थी आहेस," मामाजी म्हणाले. "मिस्त्री येईन."

सौंसरचा मिस्त्री कोणाच्या लग्नाला गेला होता. पांढुर्ण्याला निरोप पाठवला, तर गणपत मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं, उद्या येतो. ऊन असं की पायाखालची माती तडकत होती. मामी आणि मी बादल्यांनी पाणी काढून जवळच्या झाडांना घालत होतो. वसंता विहिरीच्या काठावर उभा, मोटरीकडे पाहत, दोन्ही हात पँटच्या खिशात. मी त्याच्या अंगावर ओरडले, "अरे, काढ ना हात बाहेर!" त्याने मामाजींकडे पाहिलं. मामाजी छत्रीखाली उभे होते. त्यांनी मान हलवली, नाही. वसंताने हात खिशातच ठेवले. चार दिवसांत फळं पिवळी पडून गळली, झाडांखाली नुसता सडा. मामाजी छत्रीच्या टोकाने एक फळ ढकलत म्हणाले, "नशीब." मामीने बादली खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं. मग मीच बोलले. जे बोलले ते इथे लिहीत नाही. मामाजी म्हणाले, "पोट्टी लय बोलते," आणि मला दुसऱ्या दिवशीच्या बसमध्ये बसवून दिलं.

आईजवळ मी पुष्कळ आदळआपट केली. तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली. माझे आजोबा, आईचे वडील, पांढुर्ण्याच्या एका जिनात कामाला होते, कापसाच्या. मशीनमध्ये त्यांची उजव्या हाताची बोटं गेली. मामाजी तेव्हा लहान होते, डबा घेऊन गेले होते. त्यांनी ते पाहिलं. त्या दिवसापासून मशीनचा आवाज आला की ते कानावर हात ठेवत. "म्हणून तो असा आहे," आई म्हणाली. हे ऐकून मी विरघळेन असं तिला वाटलं असावं. मला आजोबांसाठी वाईट वाटलं, त्या लहान पोरासाठीही वाटलं. पण ते पोरगं मोठं होऊन खुर्चीवर बसलं, आणि दुसऱ्याच्या हातांवर बंदी घालू लागलं, ते कशासाठी? भीती वाटते तर भीती वाटते म्हणावं. नख वाढवून ती इज्जत म्हणून मिरवायची, आणि वर पेढे वाटायचे, हे मला तेव्हाही पटलं नाही.

वसंता बी.ए. झाला. थर्ड डिव्हिजन. मामाजींना त्याचं काही वाटलं नाही, डिव्हिजन पाटीवर लिहीत नाहीत. त्यांनी पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून आणली, वसंताचं नाव आणि पुढे मोठ्ठं बी.ए. बाबांनी ती दारावर ठोकली. बाबा खाली उतरून रस्त्यापर्यंत गेले, तिथून पाटी पाहिली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांवर माझा सगळा राग होता, तरी मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले.

पाटी दारावर, आणि वसंता दारात. नोकरीसाठी अर्ज टाकून राहिला, परीक्षा देऊन राहिला, मग बसल्या बसल्या एम.ए.चं पहिलं वर्ष करून राहिला. त्याच्यासोबतचा एक मुलगा आयटीआय करून बोरगावकडे कामाला लागला होता. तो काही फार सुखात होता असं नाही, पण चेहऱ्यावर थकवा तरी असायचा. वसंताच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं.

एका दुपारी आईचा टेबलफॅन बंद पडला. आई तापाने पडलेली. मी म्हटलं, "वसंता, पाहा ना जरा." मला मनातून आनंदच झाला होता. म्हटलं, आता मामाजी इथे नाहीत, छत्री नाही, आता तरी हा पेचकस घेऊन पंखा खोलेल. मी पेचकस आणून त्याच्यापुढे ठेवला.

त्याने पंख्याकडे पाहिलं. मग पेचकसाकडे. मग डावा हात उचलून बोटं पाहिली. "मिस्त्रीले बोलाव ना ताई," तो म्हणाला. "नख तुटन माझं."

गंमत करतोय असं मला वाटलं. तो करत नव्हता. मी त्याच्या करंगळीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. पेरभर, गोल घासलेलं, चकचकीत. कोणी घासायला सांगत नव्हतं, तो आपण होऊन घासत होता. आईला मी सुपाने वारा घातला, संध्याकाळपर्यंत. वसंता ओसरीवर मामाजींच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता.

मग दशक संपता संपता मामाजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, म्हणजे सही करणारा हात गेला, जीभ जड झाली. आम्ही सगळे सौंसरला गेलो. खाटेवर ते अगदी छोटे दिसत होते. मला वाईट वाटेल म्हणून मी वाट पाहत होते. थोडं वाटलंही, पण ते मामीसाठी. ती उशाशी बसून होती, आणि तिच्या मांडीवर सोललेलं संत्रं.

मामी म्हणाली, "वसंता, त्यांची नखं वाढली रे. मले भेव वाटते, लागन म्हणून. तू काप ना." वसंताने ब्लेड घेतलं, खाटेच्या कडेला बसला आणि निर्जीव उजव्या हाताची नखं एकेक करून कापली. किती सफाईने! त्याच्या बोटांत ते सगळं अजून होतं, ती धार, तो नेमकेपणा. मग डावा हात घेतला. अंगठा, पुढची बोटं, आणि करंगळीपाशी येऊन ब्लेड खाली ठेवलं. कोणाला सांगावं लागलं नाही.

मामाजींनी तो हात डोळ्यांपाशी नेऊन पाहिला. नख जागेवर होतं. मग त्यांनी वसंताचा डावा हात धरला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला, आणि चष्मा नसल्यामुळे डोळे बारीक करून एकेक बोट तपासू लागले, जसे पानाच्या तबकापाशी तपासायचे. करंगळीवर आले, आणि अंगठ्याने ते नख हळूच चोळलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. ते हसत होते.

"साफ," मामाजी म्हणाले. कसाबसा तेवढाच शब्द निघाला.

आणि वसंता, एवढी वर्षं ज्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं तो माझा भाऊ, खुलला. कॉलर नीट केली, मान खाली घालून, लाजून म्हणाला, "हाव, मामाजी."

मी उठून मागच्या मोरीवर गेले आणि तिथे दगडावर बसून रडले.